खान्देशात नवीन आलाय? दवाखाना कुठला ते आजारी पडायच्या आधीच ठरवून ठेवा

मी मूळची साताऱ्याची, १४ वर्षं झाली लग्न होऊन अमळनेर तालुक्यात आले. आले तेव्हा इकडचा उन्हाळा, शेवभाजीचा तिखटपणा आणि सासऱ्यांची अहिराणी या तीन गोष्टींची भीती वाटायची, दवाखान्याचा विचारच नव्हता. आता आमच्या गल्लीत कुणी बदलीवर आलं, शिक्षक म्हणा, बँकेवाले म्हणा, की त्यांचा आठवडाभरात प्रश्न ठरलेला, "ताई, इथं चांगला डॉक्टर कोण?" मी उलट विचारते, कशासाठी? सर्दीला, मूतखड्याला की रात्री दोन वाजता छातीत दुखल्यावर? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत आणि हे मला फार महागात शिकायला मिळालं.

डिसेंबरातली गोष्ट आहे. आमच्याकडं थंडीत शेतात भरीत पार्टी असतेच, काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, वरून तेलाची धार. अप्पा म्हणजे माझे सासरे तिथून जेवून आले आणि रात्री अकराला छातीत जळजळ, घाम, अस्वस्थ. "काही नई वं बेटा, भरीत बाधनं." आम्हालाही तेच खरं वाटलं कारण भरीत खरंच बाधतं. सोडा झाला, मग गावातल्या डॉक्टरांचं गॅसचं इंजेक्शन झालं, दीड तास गेला. मग गाडी काढून जवळच्या शहरात, बोर्डावर हार्ट लिहिलेलं होतं तिथं नेलं, आधी वीस हजार भरायला लावले मग ईसीजी काढला आणि मग सांगितलं की आमच्याकडं कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) नाही, पुढं न्या. पाच तास गेले एकूण. अप्पा वाचले पण हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं ते आलंच, आता दोन जिने चढले की बसतात. त्या रात्री चांगले डॉक्टर नव्हते असं नाही हो, आम्ही चुकीच्या क्रमाने चुकीच्या दारात गेलो.

म्हणून माझा क्रम असा आहे: आधी वेळ किती आहे ते बघा, मग कुठल्या लेव्हलचा दवाखाना लागेल ते, मग डॉक्टर कोण आणि पैसे कसे. लोक बरोब्बर उलटं करतात, आधी ओळखीचा डॉक्टर शोधतात.

पायरी १: वेळ किती आहे?

माझ्या डोक्यात तीनच खाने आहेत. आत्ता लगेच, आज-उद्यात, आणि सवडीने.

आत्ता लगेच म्हणजे छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम, दम, डावा हात किंवा जबडा दुखणं (बायकांना आणि शुगरवाल्यांना नुसता थकवा आणि मळमळही होते, दुखत नाही म्हणून फसू नका). तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा, बोबडी वळणं. साप. विषारी फवारणीचं औषध पोटात किंवा अंगावर. बाळंतपणात जास्त रक्त जाणं, झटका. लहान बाळ दूध सोडतंय, सुस्त पडलंय. अपघात. यात गावातला डॉक्टर, ओळखीचा कंपाउंडर, शेजारच्या मावशीचा सल्ला काही नाही, सरळ १०८.

१०८ फुकट आहे, २०१४ पासून महाराष्ट्रात चालू आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो हे खूप जणांना माहितीच नसतं. फोनवर गावाचं नाव, तालुका आणि ओळखायची खूण सांगा, मारुतीचं मंदिर, जिल्हा परिषद शाळा, असं. आपल्याकडं एकाच नावाची दोन-तीन गावं सहज असतात त्यामुळं तालुका सांगायला विसरू नका. गाडी यायला वेळ लागतोय आणि तुमच्याकडं गाडी आहे तर निघाही, पण फोन चालू ठेवा, वाटेत गाठ घालता येते. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ वेगळी आहे.

अर्धांगाबद्दल जरा थांबून सांगते कारण इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. लकवा मारला की अजूनही पहिला विचार अमक्या गावाला झाडपाल्याचं औषध देतात तिकडं न्यायचा होतो. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षण सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे बघून. म्हणजे जायचं तिथं जिथं सीटी स्कॅन मशीन आत्ता चालू आहे. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? रात्री झोपताना बरे होते आणि सकाळी असं दिसलं तर रात्रीची वेळ सांगा, सकाळची नाही.

साप: केळीच्या बागेत, कपाशीत, रात्री पाणी धरायला गेल्यावर, सगळीकडं आहे. चिरू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका, अंगठी-बांगडी काढा, हातपाय हलू देऊ नका आणि मांत्रिकाकडं नेऊ नका. साप मारून पिशवीत घालून आणायचीही गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच औषध चालतं. मण्यार वाईट, रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. आपल्याला वाटतं अपचन. हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असतं, जाताना एक फोन करून शिल्लक आहे का विचारून घ्या म्हणजे गाडी फिरवायला लागत नाही.

कुत्रं चावलं तर ते आज-उद्यात नाही, आजच. आणि लाल तिखट भरू नका हो जखमेत, अजून भरतात! वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, मग लस. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत एक वेगळं इंजेक्शन लागतं, इम्युनोग्लोब्युलिन, ते छोट्या केंद्रात नसलं तर मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवतात, तिथं जायचंच, लस घेतली म्हणून घरी यायचं नाही.

आणि ऊन. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, नवीन माणसाला अंदाज नसतो. डोकं दुखतंय, घाम येतोय, चक्कर येतेय तोपर्यंत सावली, पाणी, ओआरएस. पण अंग तापलंय आणि माणूस बरळायला लागला की तो दवाखान्याचा पेशंट झाला, वाटेत ओल्या कपड्याने अंग पुसत, वारा घालत न्या, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, माझ्या सासूबाई ठेवतात, पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनला बाजारात जाऊ नका.

पायरी २: कुठलं दार?

सरकारी रचना उतरंडीसारखी आहे. गावात आशाताई, मग उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, वर जिल्ह्याचं. उपकेंद्रात सिस्टर आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, बीपी-शुगर बघणं, लसीकरण, गरोदरपणाची नोंद, बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, एवढ्यासाठी शहरात जायची अजिबात गरज नाही. प्राथमिक केंद्रात एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर असतात. ग्रामीण रुग्णालयात ३० खाटा, एक्स-रे, ईसीजी.

सगळ्यात वर मेडिकल कॉलेजं. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावचं शासकीय २०१८ ला सुरू झालं, नंदुरबारलाही आता झालंय. लोक नाक मुरडतात, गर्दी असते, खरं आहे. पण रात्री तीन वाजता तिथं ड्युटीवर डॉक्टर असतो, रक्तपेढी असते, एकाच आवारात हाडांचे, पोटाचे, मुलांचे सगळे असतात, छोट्या खासगीत साहेब घरून यायचे असतात. अपघात, विषबाधा याला मी आज डोळे मिटून तिकडं जाईन. ओपीडी सकाळची असते, साडेआठला केसपेपरच्या रांगेत उभं राहिलात तर दुपारपर्यंत सुटाल, अकराला गेलात तर दिवस गेला समजा. आधार आणि मोबाईल जवळ ठेवा, डबा बरोबर न्या.

पैशाचा एक बारकावा: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजं दुसऱ्या खात्याची, तिथं केसपेपर-तपासण्यांना थोडे पैसे पडतात. खिडकीवर वाद घालणारे मी रोज पाहिलेत, वाद घालून उपयोग नाही.

सिव्हिलच्या गेटबाहेर एक जमात भेटेल, "आत बेड नाही भाऊ, माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे, चला." ऐकू नका. बेड आहे की नाही ते आतल्या डॉक्टरने सांगायचं असतं, गाडीवाल्याने नाही.

हार्टसाठी खासगीत न्यायचं ठरवलं तर निघताना फोनवर दोन प्रश्न विचारा: कॅथलॅब आज चालू आहे का, आणि कार्डिओलॉजिस्ट आत्ता पोचतील का. नुसता "हार्ट" बोर्ड बघून जाऊ नका, आम्ही गेलो होतो. जवळ कॅथलॅब नसेल तर आधी जवळच्या ठिकाणी ईसीजी काढून घ्या, गाठ विरघळवायचं इंजेक्शन तिथं देता आलं तर देऊन पुढं पाठवतात, त्यातही हृदयाचा पुष्कळ भाग वाचतो. आणि ईसीजी निघाला की त्याचा लगेच फोटो काढा. तो कागद थर्मल असतो, अप्पांची पहिली पट्टी फाईलमध्ये आहे, आज बघितली तर नुसती गुलाबी चौकटींची रिकामी पट्टी, रेषा उडून गेल्यात सगळ्या, कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेली वेळ तेवढी राहिलीय.

पायरी ३: डॉक्टर कुठला?

पाटीवरची डिग्री वाचायला शिका, अवघड नाही. साधा ताप, खोकला, जुलाब याला घराजवळचा एमबीबीएस किंवा बीएएमएस फॅमिली डॉक्टर बास, आणि एकच धरून ठेवा, दर वेळी नवा नको, कारण त्याला तुमचं बीपी, तुमची ॲलर्जी माहिती असते. शुगर-बीपी हाताबाहेर, ताप तीन दिवसांपेक्षा जास्त, याला एमडी फिजिशियन. ऑपरेशनचं असेल तर एमएस सर्जन. हृदय, किडनी, मेंदू यातलं खोलातलं असेल तर डीएम किंवा एमसीएच, हे बहुतेक जळगाव-धुळ्यात, नाहीतर नाशिक, संभाजीनगर. नंदुरबार-नवापूरचे लोक सुरतेला जातात, जवळ पडतं, पण राज्य बदललं की योजना बदलते, तिकडं जायचं तर आधी कार्ड चालतं का ते त्या हॉस्पिटललाच विचारा. डिग्रीखाली नोंदणी क्रमांक नसेल तर त्या खुर्चीवर बसू नका. मूळव्याधीवर हमखास इलाज, बिना ऑपरेशन, अशी पत्र्याची पाटी लावणारे तर बिलकुल नको.

सलाईनचं वेड इकडं फार. अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या चढवा! मिठाच्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. तोंडाने पिता येत असेल तर ओआरएसचं पाकीट तेच काम करतं, आणि सुईची भीती नाही. डॉक्टरने नको म्हटलं तर तो चांगला डॉक्टर समजा, बदलू नका.

मूतखडा खान्देशात घरटी एक, एवढं ऊन आणि त्यात पाणी कमी पितो आपण. ५ मिलिमीटरच्या आतला खडा बऱ्याचदा पाण्याने-गोळीने आपोआप पडतो, त्यामुळं सोनोग्राफीत खडा दिसला की दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असं नसतं, युरॉलॉजिस्टचं मत घ्या, चार दिवस थांबलो तर काय होईल हे विचारा. पण कळा आणि थंडी वाजून ताप, किंवा लघवी बंद, किंवा एकच किडनी असलेला माणूस, मग मात्र थांबायचं नाही, त्याच रात्री.

धडगाव, अक्कलकुवा, मोलगी या बाजूला बदली झालेल्या शिक्षकांसाठी, आश्रमशाळेतलं पोर सारखं हातपाय दुखतात म्हणतंय, डोळे पिवळट, रक्त कमी, तर कामचुकार म्हणून रागवायच्या आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. सातपुड्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. त्याचं दुखणं थंडीत आणि पाणी कमी प्यायल्यावर वाढतं.

बाळंतपणाचं थोडक्यात: १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नाव नोंदवा, माता-बाल कार्ड घ्या, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते ती चुकवू नका. खासगीत डिलिव्हरी करणार असाल तरी हे कार्ड हवंच. बीपी, जुळं, आधीचं सिझर, रक्त कमी असेल तर बाळंतपण तिथंच ठरवा जिथं रक्तपेढी आणि बाळाचा अतिदक्षता विभाग दोन्ही आहे. माहेरचा हट्ट समजू शकते मी, मीही केला होता, पण नवव्या महिन्यात अमळनेर ते सातारा प्रवास कुणी करू नये.

पायरी ४: पैसे

महात्मा फुले जन आरोग्य योजना. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आणि रेशनकार्डाचा रंग कुठलाही असला तरी लागू आहे. पांढरं कार्ड म्हणून गप्प बसू नका. पण दोन गोष्टी लोकांना कळत नाहीत. एक, ही भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीच्या गोळ्यांना नाही. दोन, हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळ्याच विभागांना आहे असं नाही, हाडांना असेल आणि हृदयाला नसेल. त्यामुळं "योजना चालते का" असं विचारू नका, "या आजाराला योजना चालते का" असं विचारा, तेही डिपॉझिट भरायच्या आधी. प्रत्येक योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड-आधार घेऊन पहिलं तिथं. हेल्पलाइन १५५३८८. इमर्जन्सीत कागद नंतर देता येतात, हेही तोच सांगेल. रेशनकार्डात सुनेचं आणि नातवाचं नाव चढवलंय का ते आज बघा, माझं तीन वर्षं माहेरच्याच कार्डात होतं.

सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, २०२४ पासून. रेल्वेत असाल तर भुसावळचं रेल्वे हॉस्पिटल, कंपनीत ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर त्याचं कार्ड काढून ठेवा, पगारातून जातंच आहे. मेडिक्लेम असेल तर कॅशलेसच्या यादीत आपल्या जिल्ह्यातली नावं किती ते बघा, कधी कधी सगळी पुण्यातली निघतात. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलिंगला धर्मादायचा अर्ज मागा, कुणी आपणहून देत नाही. आणि खासगी दवाखान्याला दरपत्रक लावणं बंधनकारक आहे, भिंतीवर दिसलं नाही तर विचारायला लाजायचं नाही.

रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधीत बघा, बऱ्याच स्वस्त पडतात. फक्त डॉक्टरांना दाखवून घ्या की घटक तोच आहे ना.

शेवटचं काम, आजच करायचं

एक कागद घ्या. जवळचं प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, सीटी स्कॅन कुठं, कॅथलॅब कुठं, रक्तपेढी कुठली, फॅमिली डॉक्टर, घरातल्यांचे रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी. रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे. एकदा सुट्टीच्या दिवशी तिथपर्यंत गाडीने जाऊन या, अंधारात गेट सापडत नाही. आमचा कागद फ्रिजला लावलाय, सगळ्यात वर १०८ आणि त्याच्या खाली कुठला डॉक्टर नाही, शेजारच्या आबांचा नंबर आहे, कारण त्यांच्या गाडीत डिझेल कायम अर्ध्या टाकीच्या वर असतं आणि ते दुसऱ्या रिंगला फोन उचलतात.